डिझेल स्विफ्ट: पहाटे खडखड, ऑइल काळंकुट्ट. चालवू की उभी करू?

बार्शीचा मास्तर

तीन आठवड्यांपूर्वी २०१३ ची डिझेल स्विफ्ट घेतली, सेकंडहँड. मीटर ९६,०००. वडिलांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला सोलापूरला न्यावं लागतं, एसटीचे धक्के त्यांना सोसत नाहीत, म्हणून कर्ज काढून घेतली. बघायला गेलो तेव्हा इंजिन आधीच गरम होतं. ते का, हे आता कळतंय.

रोज पहाटे चावी फिरवली की चार-पाच सेकंद डब्यात खिळे हलवल्यासारखी खडखड होते. ती थांबते, पण इंजिनच्या वरच्या अंगाला टिकटिक राहते, ॲक्सिलरेटर दिला की तीही भराभर वाजते. विकणारा म्हणाला, "डिझेल आहे, आवाज असणारच."

काल डिपस्टिक ओढली तर फक्त टोक ओलं. ऑइलच्या टोपणाखाली काळा गाळ, बोटाने खरवडला तर वंगणासारखा निघाला. दाराच्या चौकटीवर मागच्या सर्व्हिसचं स्टिकर आहे, ७१,००० चं. म्हणजे २५,००० किलोमीटर एकाच ऑइलवर! एक मिस्त्री म्हणतो हाफ इंजिन करा, म्हणजे इंजिन निम्मं खोलून दुरुस्ती, ६० हजार. दुसरा म्हणतो आवाज दाबणारा डबा ओता. शुक्रवारी पुन्हा सोलापूर आहे.

चौदाचा पाना

मास्तर, शुक्रवारी भाड्याची गाडी करा. ही स्टार्टच करू नका. २२ वर्षं हेच काम करतोय, म्हणून हक्काने सांगतो.

तुमचं इंजिन १२४८ सीसीचं, मूळ फियाटचं. त्याला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, आणि ती ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. वरचे टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हचे आधार, तेही ऑइलवरच भरतात. ऑइल कमी आणि त्यात गाळ, म्हणजे सकाळी दाब यायला उशीर, तोवर चेन सैल आपटते. ती तुमची खडखड. टिकटिक बहुतेक टॅपेटची. हे दोन्ही आवाज ऐकून लगेच हाफ इंजिन कुणी सांगत असेल तर थांबा. बेअरिंग गेलं की आवाज खालून येतो, जड ठोके पडल्यासारखा, आणि चढावर लोड आला की वाढतो. तसा येतोय का?

ऑइल स्वच्छ परातीत काढायला लावा आणि समोर उभे राहा. काळं दिसलं म्हणून घाबरू नका, डिझेलचं ऑइल हजार किलोमीटरमध्येच काळं होतं. बघायचं ते उन्हात चमकतंय का. फिल्टरच्या कागदाच्या घड्या उघडा, चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटलं तर लोखंड. न चिकटणारी चमक दिसली तर ती बेअरिंगची असू शकते, मग खोलावंच लागेल.

चेंबर, म्हणजे इंजिनखालचं ऑइलचं भांडं, मात्र उतरवाच. खालची जाळी गाळाने बुजली असेल तर नवीन ऑइल घालूनही ऑइल पंप उपाशीच. मग ५डब्ल्यू-३० ग्रेडचं ऑइल भरा, प्रेशर स्विच काढून तिथे गेज लावा आणि इंजिन पूर्ण गरम झाल्यावर दाब बघा. तो आकडा बघितल्याशिवाय कुणालाही पैसे देऊ नका.

विट्याचा ड्रायव्हर

आमच्याकडे ऑइल काढायच्या आधी अर्धा लिटर डिझेल ओतून दहा मिनिटं इंजिन चालवतात. सगळा गाळ सुटतो.

चौदाचा पाना

दादा, सुटतो हीच भीती आहे. सुटलेली ढेकळं जाळीवर जाऊन बसतात. शिवाय डिझेलने ऑइल पातळ होतं आणि या गाडीला टर्बो आहे, त्याचा दांडा ऑइलच्या पातळ थरावरच फिरतो. गाळ हळूहळूच काढायचा: नवीन ऑइल, हजार किलोमीटरला पुन्हा बदली, मग तीन हजाराला. महाग वाटेल, टर्बोपेक्षा स्वस्त आहे.

बार्शीचा मास्तर

गाडी ओढून नेली. ऑइल निघालं जेमतेम दीड लिटर, लागतं तीनच्या आसपास! चमक नाही, चुंबकाला थोडी काळी पूड. चेंबरची जाळी निम्मी बुजलेली, तो फोटो बघून वडील बराच वेळ गप्प होते. गरम इंजिनला आयडलवर दाब १ बारच्या थोडा वर, रेस केल्यावर ३ च्या पुढे. चेनचं गाइड, म्हणजे ती ज्यावरून सरकते ती पट्टी, मात्र झिजून खाच पडली होती, म्हणून चेन, गाइड, टेन्शनर सगळं नवीन. मजुरीसकट १७,५०० गेले. आज पहाटे साडेपाचला स्टार्ट केली, खडखड नाही. टिकटिक आहे, दहा मिनिटांत विरते. सोलापूरला नेऊ का?

चौदाचा पाना

न्या. टॅपेट भरायला वेळ घेतायत, दुसऱ्या बदलीनंतर बघू. वैरागला नाहीतर वाटेत कुठेही थांबलात की डिपस्टिक बघा, गाडी सपाटीवर, इंजिन बंद करून पाच मिनिटांनी. आणि ऑइलचा लाल दिवा लागला तर पुढचा पेट्रोल पंप गाठायचा विचारही करू नका, तिथेच बाजूला घ्या. तो पातळीचा नाही, दाबाचा दिवा आहे. वडिलांना नमस्कार सांगा.