पीआयडी चालत नाहीये, हीटर लागतच नाही – मदत हवी आहे

भोसरीकर_मेंटेनन्स
नमस्कार मंडळी. तीन रात्री जागून काढल्या, आता डोकं चालेनासं झालंय. घरी बादलीतल्या पाण्यावर टेम्परेचर कंट्रोल करून बघतोय, सेटपॉइंट (हवं ते तापमान) ५०. पीआयडी ब्लॉक (सेटपॉइंट आणि मोजलेलं तापमान यातला फरक बघून हीटर किती लावायचा ते ठरवतो) टाकलाय, पण आउटपुट शून्यावरून हलत नाही. गेन (फरकाला किती जोरात उत्तर द्यायचं तो आकडा) १ होता, ५ केला, मग २०, काल ५०. काडीचा फरक नाही. पी (गेन), आय (फरकाची बेरीज), डी (बदलाचा वेग) यांच्या नेमक्या व्हॅल्यू कोणी देईल का? सोमवारी चाकणला इंटरव्ह्यू आहे, पीआयडी विचारणारच. थिअरी नको, व्हॅल्यू द्या.

प्राजक्ता_इन्स्ट्रु
पीएलसी (कंट्रोलर) कुठला? सेन्सर कुठला, कसा जोडलाय? यातलं काहीच लिहिलं नाहीये, व्हॅल्यू कशावरून सांगणार?

ट्यूनिंगवाला
हाताने गेन टाकत बसू नका. ऑटोट्यून दाबा, व्हॅल्यू आपोआप शोधतो, दहा मिनिटांत काम होतं. आमच्या प्लँटला सगळ्या कंट्रोल लूप तशाच लावल्यात.

डेल्टाप्रेमी
शिकायला डेल्टाचा पीएलसी घ्या, स्वस्तात पडतो आणि सॉफ्टवेअर फुकट.

भोसरीकर_मेंटेनन्स
पीएलसी आहे हो माझ्याकडे, नवा घ्यायचा नाहीये. सीमेन्स १२१४सी, सेकंडहँड. सेन्सर पीटी१००, तापमानाप्रमाणे रोध बदलणारा. वायरिंग बरोबर आहे, मीटरने तपासलंय. ऑटोट्यून दाबलं तर एरर येऊन थांबतं.

प्राजक्ता_इन्स्ट्रु
पीटी१०० थेट १२१४सीच्या एआयला (अ‍ॅनालॉग इनपुटला) लागत नाही, मध्ये रोधाचा करंट करणारा ट्रान्समीटर असणार. तो किती वायरचा, रेंज किती? आणि मुख्य म्हणजे पीव्ही (मोजलेलं तापमान) किती दिसतोय?

भोसरीकर_मेंटेनन्स
हो, हेड ट्रान्समीटर आहे. दोन वायरचा, ४-२० एमए (मिलिअँपिअर), ०-१०० अंश. २४ व्होल्टचा प्लस ट्रान्समीटरला, त्याची दुसरी वायर एआय०ला, २एम (इनपुटचं कॉमन) सप्लायच्या मायनसला. पीव्ही ११८.५ दिसतो, हलत नाही. ते स्केलिंगचं (आकड्याचे अंश करायचं) नंतर बघू म्हटलं.

जुनी_लूप
अरे बाळा, हे पहिल्या ओळीत लिहायचं! पाणी ११८ अंश आहे असं पीएलसीला वाटतंय, मग ५०च्या सेटपॉइंटला तो हीटर कशाला लावेल? तुझा पीआयडी बरोबर वागतोय. गेन ५०० केलास तरी आउटपुट शून्यच राहणार.

१२१४सीवरचे दोन्ही एआय फक्त ०-१० व्होल्टचे आहेत, करंट घेत नाहीत. त्यांचा आतला रोध लाख ओहमच्या वर, त्यातून ४ एमए वाहणारच नाही. मग सप्लायचा बहुतेक व्होल्टेज त्या टर्मिनलवर येऊन बसतो. ११.८५ व्होल्टच्या वर गेलं की रॉ आकडा (पीएलसीच्या आतला, १० व्होल्टला २७६४८) ३२७६७ला चिकटतो. त्याला २७६४८ने भाग, १००ने गुण. आले ना ११८.५?

सुदैवाने तो इनपुट ३५ व्होल्टपर्यंत सोसतो, जळला नसेल. एआय० आणि २एमच्या मध्ये ५०० ओहमचा रेझिस्टर टाक. मग ४ एमएला २ व्होल्ट, २० एमएला १० व्होल्ट.

साइट_इंजिनिअर_नऱ्हे
रेझिस्टरचे जुगाड कशाला शिकवताय? करंट इनपुटचं एसएम १२३१ मॉड्यूल घ्यावं, सरळ काम. रेझिस्टर सैल झाला की अख्खी लूप गेली.

जुनी_लूप
साहेब, प्लँटमध्ये मॉड्यूलच लावा, मीही तेच लावतो. पण मुलगा घरी बादलीवर शिकतोय. मॉड्यूलच्या पैशात त्याचा महिना निघेल. शिवाय रेझिस्टर हाताने लावला की करंटचा व्होल्टेज कसा होतो ते कायमचं डोक्यात बसतं.

केबल_ट्रे
सेन्सरच्या केबलची शील्ड (वरची जाळी) एकाच टोकाला अर्थिंग करा, पॅनलच्या बाजूला. दोन्ही टोकांना केलीत तर ग्राउंड लूप होतो. व्हीएफडीची (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हची) पॉवर केबल त्याच ट्रेमधून नेऊ नका. आमच्याकडे याच कारणाने लेव्हल दिवसभर नाचत होती.

साइट_इंजिनिअर_नऱ्हे
हाय फ्रीक्वेन्सी नॉइजला दोन्ही टोकांनाच करावं लागतं, एका टोकाने भागत नाही.

केबल_ट्रे
दोन्ही टोकांचं अर्थिंग एकाच पातळीवर असेल तर. जुन्या शेडमध्ये ते कुठे असतं?

प्राजक्ता_इन्स्ट्रु
त्याच्याकडे व्हीएफडी नाहीये, बादली आहे. @भोसरीकर, ५००चा रेझिस्टर शोधत फिरू नकोस. पुण्यात तापकीर गल्लीत एक टक्का टॉलरन्सचे १ के (१००० ओहम) मागून घे, दोन समांतर लाव. पट्टे तपकिरी-काळा-काळा-तपकिरी-तपकिरी. २० एमएला मिळून ०.२ वॅट होतात, म्हणजे प्रत्येकावर ०.१. पाव वॅटचे चालतील.

भोसरीकर_मेंटेनन्स
लावले. आकडा हलला!! पण आता ४२.४ दाखवतोय. थर्मामीटरवर पाणी २८ आहे. सेन्सर खराब आहे का?

प्राजक्ता_इन्स्ट्रु
सेन्सर चांगला आहे. २८ अंशाला ८.४८ एमए, म्हणजे ४.२४ व्होल्ट, म्हणून ४२.४. तुझं शून्य आता २ व्होल्टवर आहे. नॉर्म_एक्सचा (स्केलिंगच्या ब्लॉकचा) मिनिमम ०च्या जागी ५५३० टाक, मॅक्सिमम २७६४८ राहू दे. पीआयडी ब्लॉक कुठे ठेवलायस, ओबी१मध्ये (मेन प्रोग्रॅममध्ये)?

भोसरीकर_मेंटेनन्स
हो, मेनमध्येच. चालतं ना?

प्राजक्ता_इन्स्ट्रु
नको. ओबी१चा स्कॅन (एका फेरीचा वेळ) कमीजास्त होतो, पीआयडीचं गणित ठराविक अंतराने व्हायला हवं. सायक्लिक इंटरप्ट (ठराविक वेळेने चालणारा भाग) घे, ओबी३०, आणि ब्लॉक तिथे हलव.

डिप्लोमा_२०२३
दादा, चाकणला फ्रेशरला किती देतात? पीएलसीचा क्लास लावू का? मीही इन्स्ट्रुमेंटेशनचाच आहे.

भोसरीकर_मेंटेनन्स
पीव्ही २८.१, थर्मामीटरवर २८. हीटर लागला! पण ५०ला थांबला नाही, ५७पर्यंत गेला आणि अर्धा तास खालीच येत नाहीये. गेन १ केलाय, आय २०, डी ०. दहा लिटर पाणी, १५०० वॅटचा रॉड.

ट्यूनिंगवाला
आता तरी ऑटोट्यून दाबा.

जुनी_लूप
थांब, ऑटोट्यून नंतर. १५०० वॅट दहा लिटरला मिनिटाला साधारण दोन अंश चढवतो. तुझा आय २० सेकंदांचा. ५० गाठेपर्यंत तो फरकाची बेरीज करत राहिला. वर गेल्यावर पाणी गार करायला तुझ्याकडे काही नाही, ते आपल्या गतीने निवणार. इथे आकडा वाढवला की आयचा जोर कमी होतो, बरेच जण उलटं समजतात. आधी फक्त पी ठेवून बघ, मग आय ३०० सेकंदांपासून सुरू कर.

आणि पाणी ढवळतोस का? वर रॉड, तळाशी पीटी१०० असेल तर वरचं पाणी उकळायला येईल आणि सेन्सर खाली गारच राहील. फिश टँकचा छोटा पंप सोड. रॉडच्या लाइनला ३० एमएचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावलायस ना? प्लग काढल्याशिवाय बादलीत हात घालायचा नाही. पीआयडी राहिला तर राहिला, हे मात्र आज रात्रीच कर.

झिगलर_४२
झिगलर-निकोल्सची १९४२ची पद्धत वापरा. फक्त पी ठेवून लूप सारखी झुलेपर्यंत गेन वाढवा. तो गेन गुणिले ०.६ हा पी, झोक्याचा काळ भागिले २ हा आय आणि भागिले ८ हा डी.

प्राजक्ता_इन्स्ट्रु
बादलीला एक झोका द्यायला तास जाईल, सोमवार उजाडेल.

भोसरीकर_मेंटेनन्स
आरसीसीबी नव्हता, आत्ता शेजारच्या काकांकडून आणून लावला. पंप सोडला, गेन ८, आय ३००. ५१.२पर्यंत जाऊन वळला, आता ५०.१. ट्रेंडचा फोटो काढून ठेवलाय. इंटरव्ह्यूत ११८.५ची गोष्टच सांगणार आहे. प्राजक्ताताई, जुनी_लूप काका, मनापासून आभार.

डिप्लोमा_२०२३
दादा, तो १२१४सी कितीला मिळाला?