मदत हवी आहे: बोनेरला डायव्हिंग, आणि माझा डावा कान

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं ह्यूस्टनहून फेब्रुवारीत बोनेर बेटावर जातोय, कॅरिबियनमध्ये. दोघांकडे ओपन वॉटर सर्टिफिकेट (स्कूबा डायव्हिंगचं पहिलं प्रमाणपत्र) आहे, म्हणजे १८ मीटर खोलीपर्यंतच. त्याआधीचा अनुभव मालवणला इन्स्ट्रक्टरचा हात धरून केलेल्या एका डाइव्हचा.

बोनेरचं आकर्षण असं की बोट लागत नाही. रस्त्याकडेला डाइव्हची जागा दाखवणारे पिवळे रंगवलेले दगड दिसले की हवेची टाकी पाठीला लावायची आणि किनाऱ्यावरूनच पाण्यात शिरायचं. १९७९ पासून तिथे सागरी उद्यान आहे. प्रवाळाला कोणी हात लावू नये म्हणून हातमोजे घालायलाही बंदी आहे, आणि मला हा नियम मनापासून पटतो.

माझी अडचण डाव्या कानाची. खाली जाताना कानातला दाब जुळवायला नाक दाबून हवा सोडली की उजवा लगेच 'टक्' करून मोकळा होतो, डावा चार-पाच मीटरवर अडतो आणि सुई टोचल्यासारखं दुखतं. तेव्हा मी मीटरभर वर येऊन पुन्हा प्रयत्न करते, जोर लावत नाही. कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहेच. पण तुमच्यापैकी कोणाला एकाच कानाचा असा त्रास होता का? कशाने फरक पडला?

दुसरं, यांचा गुडघा कमकुवत आहे. टाकी घेऊन खडकाळ किनाऱ्यावरून उतरायला सगळ्यात सोपी जागा कोणती? तिथे जाऊन आलेल्यांनी नक्की सांगा. आम्ही दोघंही या प्रवाळासाठी दोन वर्षं पैसे साठवतोय.