कुंभार्ली घाटासाठी डिस्क ब्रेक: केबलवाले की हायड्रॉलिक?

चिपळूणचा_मास्तर: नमस्कार मंडळी. रोज शाळेत जाणं-येणं सायकलवर आणि जमेल त्या रविवारी कुंभार्ली घाट. नवी हायब्रिड घ्यायचीय. एकाच मॉडेलमध्ये केबलवाले मेकॅनिकल डिस्क आहेत, किंवा सहा हजार जास्त देऊन शिमानोचे हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे. माझं वजन 92 किलो. इकडचा पाऊस तर तुम्हाला माहीतच आहे. हायड्रॉलिक ब्लीड करून (तेलातली हवा काढून) देणारं ओळखीत कोणी नाही, तीच धास्ती. काय घेऊ?

सांगली_सायकल: मेकॅनिकल घ्या. टूरवर मी जास्तीची केबल पिशवीत ठेवतो. तुटली तर झाडाखाली बसून बदलता येते. होज (तेलाची नळी) फाटला तर काय करणार?

घाटउतार: दादा, लांबच्या टूरला सांगलीकरांचं म्हणणं मला पटतं. पण तुम्ही रोज घरी परतणार आहात, त्यामुळे हायड्रॉलिकच घ्या. मी सायकली दुरुस्त करते. पावसाळ्यात येणाऱ्या केबलवाल्या ब्रेकांची तक्रार ठरलेली: आउटरमध्ये (केबलवरच्या नळीत) चिखलपाणी शिरतं, केबल गंजते, लिव्हर जड होतो. साध्या मेकॅनिकल कॅलिपरमध्ये (ब्रेकचे पॅड धरणाऱ्या भागात) एकच पॅड हलतो आणि रोटरला (चाकावरच्या चकतीला) किंचित वाकवून पलीकडच्या स्थिर पॅडवर दाबतो. पॅड झिजले की नुसती केबल ताणून भागत नाही, स्थिर पॅडही एलन कीने आत घ्यावा लागतो. ओल्या, चिखलाच्या उतारावर पॅड भराभर झिजतात, म्हणजे हे काम ऐन घाटात निघू शकतं. हायड्रॉलिकचे पिस्टन पॅडची झीज आपोआप भरून काढतात.

आणि बोटं! घाटमाथ्यावरून घाटाखालच्या पोफळीपर्यंत लिव्हर आवळून बोटं थकली की ऐन वळणावर ब्रेक उशिरा लागतो. 92 किलो वजनाला मला त्याचीच जास्त काळजी वाटते. हायड्रॉलिकला एक बोट पुरतं.

ब्लीडचं एवढं मनावर घेऊ नका. शिमानोत मिनरल ऑइल असतं, ते डॉट फ्लुइडसारखं (गाड्यांच्या ब्रेकमधल्या द्रवासारखं) ओलावा शोषत नाही. लिव्हर मऊ लागायला लागला की मगच ब्लीडचं बघा. फक्त डॉट फ्लुइड त्यात कधीच घालू देऊ नका, सील खराब होतात. चाक काढलेलं असताना लिव्हर दाबायचा नाही. पॅडांच्या मध्ये पुठ्ठा अडकवून ठेवा.

चिपळूणचा_मास्तर: पटलं ताई. दुकानदार मेटलचे पॅड टाका म्हणतोय, टाकू का?

घाटउतार: आधी रोटर बघा. त्यावर ‘रेझिन पॅड ओन्ली’ (फक्त रेझिनचे पॅड) असं कोरलेलं असेल तर मेटल नकोच, रोटर लवकर खराब होतो. मेटल चालणारा रोटर असेल तर पावसाळ्यात जरूर टाका, आवाज करतात पण टिकतात. पुढे 180 मिमीचा रोटर बसतो का तेही विचारा, फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या भागाला) चालत असेल तरच. चेनला तेल देताना रोटरवर फडकं टाका, पॅडला तेल लागलं की ते बहुतेक बदलावेच लागतात. नवे पॅड घालून थेट घाटात जायचं नाही. मोकळ्या रस्त्यावर वेग घ्यायचा, पूर्ण न थांबता ब्रेक लावून तो कमी करायचा, असं वीसेक वेळा करा आणि मगच कुंभार्ली.