रुळलेली वाट निवडणाऱ्या मुलीसाठी मदत हवी आहे

नमस्कार. माझ्या मुलीला पदवीनंतर बँकेची परीक्षा देऊन स्थिर नोकरी करायची आहे. मात्र तिच्या सगळ्याच मित्रमैत्रिणींना ‘काहीतरी वेगळे’ करायचे असल्यामुळे आपली निवड सांगायचाही तिला संकोच वाटू लागला आहे, आणि ते मला फार लागते. वेगळेपणाचाही एक कळप होऊ शकतो, असे माझे मत झाले आहे. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांच्या १९५१ च्या प्रयोगात रेघांची लांबी ओळखताना समूहाचे उघड चुकीचे उत्तर ऐकून लोकांनी सुमारे एकतृतीयांश वेळा तेच उत्तर दिले, पण खरे बोलणारा एक जरी सोबती मिळाला तरी हे प्रमाण खूपच घटले. तिला असा सोबती हवा आहे. विचारपूर्वक हीच वाट निवडलेल्यांनी, विशेषतः बँकेत नोकरी केलेल्यांनी, मित्रांना तेव्हा काय उत्तर दिले आणि ती निवड पुढे कशी वाटली, हे कृपया सविस्तर लिहावे.