पेन्सिलीआधी बोटांची ताकद

तीन वर्षांची मुलगी पेन्सिल धरत नाही, रोज बसवून अक्षरं गिरवून घ्यावीत का, असं विचारलंय. माझ्या मते अजिबात नको. या वयात बोटांत तेवढी ताकदच आलेली नसते, ती आधी येऊ द्या.

माझ्या मुलाला मी कपडे वाळत घालताना चिमटे लावायला द्यायचे. सुरुवातीला जीभ बाहेर काढून दोन्ही हातांनी दाबायचा. काही आठवड्यांनी अंगठा आणि बाजूच्या बोटाने जमायला लागलं. पेन्सिलीला हीच पकड लागते! त्यातच मोजणंही व्हायचं, एका चिमट्याला एक आकडा. वीसपर्यंत घडाघडा म्हणणारा हा, पाच चिमटे मोजताना मात्र अडायचा. म्हणजे पाठ होतं, कळलेलं नव्हतं.

अक्षरांऐवजी सध्या मुलीच्या रोजच्या सवयींकडे लक्ष द्या. हात धुताना तिच्या बोटांच्या बेचक्यांत आणि अंगठ्यालाही साबण लागू दे, निदान २० सेकंद. दात तिला घासू द्या, पण नंतर तुमचा हात फिरलाच पाहिजे, सात-आठ वर्षांची होईपर्यंत. पेस्ट वाटाण्याएवढी पुरे.

आणि झोप, याकडे फार दुर्लक्ष होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ३-४ वर्षांच्या मुलांसाठी १० ते १३ तास झोप सांगितली आहे, स्क्रीन मात्र दिवसाला जास्तीत जास्त १ तास. झोपण्याआधी मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि गोष्ट वाचा. तीच ती गोष्ट रोज मागितली तरी वाचा. चौथ्या-पाचव्या रात्री पुढचं वाक्य ती स्वतःच म्हणेल.