तोरिनोहून चिंक्वे तेर्रे, दोन दिवसांत: पाचही गावं होतील का?

मालवणची मुलगी, सध्या तोरिनो

नमस्कार मंडळी. पुण्याच्या कॉलेजातून एका सेमिस्टरसाठी इटलीत तोरिनोला आले आहे. तोरिनोला समुद्र नाही हे येण्याआधी नकाशात दिसलं होतं, पण तीन आठवड्यांत ते आता अंगाला जाणवायला लागलंय. आमचं घर दांडीला, किनाऱ्यापासून चार पावलांवर. घरी फोन लावला की आईच्या बोलण्यामागे गाज ऐकू येते आणि मग मला पुढचं काही सुचत नाही.

म्हणून ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी मी आणि माझी रूममेट चिंक्वे तेर्रेला, म्हणजे समुद्रकाठच्या त्या पाच गावांना, जायचं म्हणतोय. ती लातूरची, पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. दोघींनी प्रत्येकी १३० युरो बाजूला काढलेत. त्यात गाडी, राहणं, खाणं सगळं बसायला हवं.

आमचा बेत असा: शनिवारी पहाटेची गाडी पकडून मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला, रिओमाज्जोरे अशी पाचही गावं, प्रत्येकी तासभर. रविवारी सकाळी जवळचं पोर्तोवेनेरे गाव, दुपारी पिसाचा मनोरा, रात्री परत. हे जमेल का? राहायचं कुठे? गावांमधल्या खोल्यांचे दर बघूनच आम्ही पान बंद केलं. ते चिंक्वे तेर्रे कार्ड घ्यावं की सुटी तिकिटं काढावीत? आणि व्हिया देल्लामोरे म्हणून जी पायवाट आहे ती जुन्या लेखांत बंद म्हटलीय, नव्यांत उघडी. खरं काय?

ला स्पेत्सियाकर

मी ला स्पेत्सियाच्या बंदरात चार वर्षं नोकरी केली. सुट्टीच्या दिवशी दुसरं काही परवडायचं नाही म्हणून याच डोंगरांत चालत असायचो. तू म्हणतो, चालेल ना? माझी पुतणी तुझ्याच वयाची आहे.

आधी पिसा काढून टाक. तोरिनोला परत जायचा रस्ता जेनोआवरून, आणि पिसा बरोबर उलट्या दिशेला. ते दुसऱ्या कुठल्या तरी खेपेत कर. पाच गावं पाच तासांत हेही नको. गावं एकमेकींपासून गाडीने चार-पाच मिनिटांवर आहेत म्हणून सोपं वाटतं, पण शनिवारी प्लॅटफॉर्मवर उभं राहायला जागा नसते. वेर्नात्साचा प्लॅटफॉर्म तर अर्धा बोगद्यात आहे. तासाभरात स्टेशनातून बाहेर पडायचं, सगळे उभे राहतात तिथेच उभं राहून फोटो काढायचा आणि परत रांगेत यायचं, एवढंच होतं. असे हजारो लोक मी रोज बघितलेत आणि मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटायचं. एवढ्या लांबून येतात आणि मानही वर करत नाहीत.

मान वर करायची ती भिंतींसाठी. गुलाबी-पिवळी घरं सुंदर आहेतच. समुद्रातून आपलं घर ओळखू यावं म्हणून कोळ्यांनी ती रंगवली, ही गोष्ट तुला तिथे प्रत्येक जण सांगेल. पण मोंतेरोस्सो सोडलं तर या गावांचं पोट मासळीपेक्षा द्राक्षांवर जास्त चाललं. डोंगर समुद्रात सरळ उतरतो, सपाट जमीन नाहीच. म्हणून जवळजवळ हजार वर्षं लोकांनी दगडावर दगड रचून, मधे चुना-माती काही न घालता भिंती उभारल्या आणि त्यांच्यामागे माती भरून हातरुमालाएवढी शेतं केली. १९९७ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलं ते या सगळ्या भूदृश्याला, आणि त्यात पोर्तोवेनेरेही आहे. राष्ट्रीय उद्यान झालं १९९९ मध्ये.

रेल्वे आली १८७४ मध्ये. त्याआधी खेचराची वाट किंवा होडी, एवढंच. त्याच सुमारास ला स्पेत्सियात नौदलाची गोदी उभी राहिली, पगाराची नोकरी मिळाली, आणि हळूहळू वरची शेतं सुटली. पडलेला दगड परत लावणारं कोणी नसलं की एका पावसाळ्यात भोक पडतं आणि पुढच्या पावसाळ्यांत भिंत खाली येते. २५ ऑक्टोबर २०११ ला काही तासांत जो पाऊस कोसळला त्याने वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सोचे तळमजले चिखल-दगडांनी भरून टाकले, माणसं गेली. मी नंतर आलो, पण माझ्याबरोबर काम करणारा एक जण वेर्नात्साचा होता. जोराचा पाऊस लागला की तो काम थांबवून घरी फोन करायचा.

म्हणून माझं ऐक. शनिवारी मानारोलाला उतर. तिथून वर वोलास्त्राला छोटी बस जाते. वोलास्त्रा समुद्रापासून तीनशे मीटरच्या वर आहे. तिथून कोर्निल्यापर्यंत वाट द्राक्षमळ्यांच्या मधून जाते, भिंतींच्या अगदी कडेने. थांबत-थांबत गेलीस तरी दोन-अडीच तास. द्राक्षं उतरवायला एका रुळावर चालणारी बुटकी गाडी असते, तिचे रूळ डोंगरात उभे चढलेले दिसतील. सप्टेंबरमध्ये तोडणी होते आणि त्यातली निवडक द्राक्षं शाक्केत्रा नावाच्या गोड वाईनसाठी सावलीत वाळत ठेवतात. तू जाशील तेव्हा ती वाळतच असतील.

शेवटचा कोर्निल्याचा उतार गुडघ्यांची परीक्षा घेतो. कोर्निल्या हे पाचांतलं एकच गाव असं की ते पाण्याला टेकलेलं नाही, शंभर मीटर उंच कड्यावर बसलंय. तिथून स्टेशनला उतरायला पावणेचारशेच्या वर पायऱ्या आहेत. लोक गाडीतून उतरून त्या चढतात आणि दमतात, तू उतरणार आहेस. संध्याकाळी वेर्नात्साला जा. सहानंतर दिवसाची गर्दी ओसरते. बंदराच्या काठावर चर्च आहे, पार पाण्यात पाय सोडून बसल्यासारखं. तिथे बस, तुला हवी ती गाज तिथे मिळेल.

राहायला लेवान्तो. मोंतेरोस्सोच्या अलीकडचं स्टेशन, गाडीने पाच-सहा मिनिटं, गावांच्या मानाने स्वस्त. तोरिनोहून येताना जेनोआला गाडी बदलून तिथेच पोचतेस. रविवारी पोर्तोवेनेरे हवं असेल तर ला स्पेत्सियातून बस आहे. समुद्र शांत असेल तर गावांमधून होडीही आहे, फक्त ती कोर्निल्याला थांबत नाही कारण तिथे धक्का नाही.

कार्डाचं: रेल्वेसकटचं कार्ड लेवान्तो ते ला स्पेत्सिया दिवसभर कितीही फेऱ्यांना चालतं, वोलास्त्राची बसही त्यात येते. दर तारखेप्रमाणे बदलतात, गर्दीच्या दिवशी बरेच चढतात. सुटं तिकीटही सीझनमध्ये पाच युरोच्या खाली नाही. तेव्हा बसायच्या फेऱ्या मोज. शनिवारी चार होत असतील तर कार्ड घे, रविवारी बहुधा नको.

व्हिया देल्लामोरे २०१२ मध्ये दरड कोसळून बंद झाली होती, २०२४ च्या उन्हाळ्यात उघडली. रिओमाज्जोरे ते मानारोला, जेमतेम किलोमीटरभर, वेगळे पैसे आणि वेळ आधी ठरवून. तुझ्या बजेटमध्ये मी ती घेणार नाही.

जेनोआतली शाकाहारी

रूममेटला सांगा, लिगुरियात, म्हणजे या किनारी प्रांतात, तिची आबाळ होणार नाही. फारिनाता मागा. चण्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ, आणि मोठ्या गोल परातीत भट्टीत भाजलेलं. कांदा-मिरची नसलेलं आपलं बेसनाचं धिरडंच, फक्त जाड आणि कडेला कुरकुरीत. मी पहिल्यांदा खाल्लं तेव्हा तिथेच उभी राहून रडले, इतकं ते घरचं लागलं. मात्र वर काय घातलंय ते विचारा, कधी कधी छोटे मासे असतात.

फोकाच्चा म्हणजे ऑलिव्ह तेलाची जाड रोटी, साधी किंवा कांद्याची. पास्त्यात त्रोफिये घ्या, तो नुसत्या पिठाचा आणि पाण्याचा असतो. ताज्या पास्त्यात बऱ्याचदा अंडं असतं, त्यामुळे नाव बघूनच मागा. पेस्तोत (इटालियन तुळशीच्या चटणीत) बटाटा आणि फरसबी घालून देतात, पोटभर होतं. पेस्तोतल्या पार्मिजानो चीजला दूध फाडायला वासराच्या पोटातलं रेनेट लागतं, हे तिला आधी सांगा आणि ठरवू द्या. मला हे दीड वर्षाने कळलं आणि कुणीतरी आधी सांगायला हवं होतं असं फार वाटलं.

बोलोन्याहून

दोन गोष्टी. प्रादेशिक गाडीचं तिकीट मोबाईलवर काढलं असेल तर गाडीत चढण्यापूर्वी त्यात चेक-इन करायचं, कागदी असेल तर प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमध्ये शिक्का मारून घ्यायचं. माझ्या भावाने तिकीट काढलं, चेक-इन राहिलं, दंड भरला. आणि हॉस्टेलवाले पासपोर्ट मागणारच, खोलीवर ठेवून जाऊ नका.

वाटेवर स्लीपर घालून जाऊ नका, पकडलं तर दंड आहे. हवामानाचा इशारा केशरी किंवा लाल असेल तर पायवाटा बंद करतात, आदल्या संध्याकाळी बघून ठेवा.

मालवणची मुलगी, सध्या तोरिनो

जाऊन आलो. सगळ्यांचे मनापासून आभार. पिसा काढलं, पोर्तोवेनेरेसुद्धा काढलं. प्रत्येकी ११८ युरो झाले.

वोलास्त्राच्या बसमध्ये आम्ही दोघी आणि पिशव्या घेतलेल्या तीन आज्या. वरून निघाल्यावर पहिल्या वळणाला समुद्र एकदम पायाखाली आला. आमच्याकडे समुद्र समोर असतो, डोळ्यांच्या रेषेत. इथे तो इतका खाली होता की होडीच्या मागची पांढरी रेघ दिसत होती आणि आवाज मात्र काहीच नव्हता. मला आधी ते आवडलं नाही, खरं सांगते. मी गाज ऐकायला आले होते.

मग भिंती सुरू झाल्या, आणि मी चालायचीच थांबले. हा तर गडगा! आमच्या कुणग्यांच्या (भातशेताच्या तुकड्यांच्या) कडेला आजोबांनी लावलेला, तसाच. आमचा जांभ्याचा आणि काळ्या दगडाचा, हा करड्या दगडाचा, एवढाच फरक. मोठा दगड खाली, फटीत बारीक दगड ठोकून बसवलेला. एका ठिकाणी भिंतीला पोट आलं होतं आणि एक काका तिचा तेवढाच भाग उतरवून दगड आकाराप्रमाणे तीन ढिगांत वेगळे लावत होते. मला इटालियन जेमतेम येतं. मोबाईलवर आमच्या परड्यातल्या गडग्याचा फोटो काढून त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, फोटो मोठा करून बराच वेळ बघितला, मग एका दगडावर बोट ठेवून मान हलवली. तो दगड उभा लागलाय, आडवा हवा होता, असं त्यांनी हाताने करून दाखवलं. बरोबर होतं त्यांचं. तो मी दहावीच्या सुट्टीत लावलेला दगड आहे.

तिथूनच आजोबांना व्हिडिओ कॉल लावला. ते म्हणाले, "गो, हो तर आपलोच गडगो!" काकांनी हात हलवला, आजोबांनीही हलवला. एक मालवणीत बोलतोय, दुसरा तिथल्या बोलीत, आणि मी मधे फोन धरून उभी. रूममेटने त्या वेळी काढलेला फोटो मी घरी पाठवला, आईने तो लगेच छापून आणलाय.

कोर्निल्याच्या उतारावर रूममेटचे गुडघे दुखले, तिथे अर्धा तास बसलो. फारिनाता तिला इतकी आवडली की रविवारी सकाळी परत तीच. मोंतेरोस्सोत मी खारवलेली आंचोवी खाल्ली, आपल्या मांदेलीच्याच कुळातली, वर लिंबू आणि तेल. संध्याकाळी वेर्नात्साच्या धक्क्यावर बसलो. गाज होती. आमच्यासारखी लांबून येणारी नाही, दगडावर आपटून लगेच परत जाणारी. आईला फोन लावला आणि या वेळी तिला ऐकवली.

एक विचारायचं राहिलं. आजोबा त्या काकांना विचारत होते, "मागल्यान बारीक धोंडे भरतत काय?" मला ते इटालियनमध्ये सांगता आलं नाही. आजोबा रोज विचारतायत. ला स्पेत्सियाकर काका, तुम्हाला माहीत आहे का?

ला स्पेत्सियाकर

भरतात. भिंतीच्या पाठीशी बारीक दगडांचा थर असतो, मग माती. पाणी त्या थरातून खाली उतरतं आणि फटींतून बाहेर पडतं. नाहीतर भिजलेल्या मातीचा दाब भिंतीला पुढे ढकलतो आणि तू बघितलंस तसं पोट येतं. आजोबांना माझा नमस्कार सांग, आणि त्यांच्याकडे त्या थराची रुंदी किती ठेवतात तेही विचार. मला लिहून ठेवायचंय.