तिरका 'फ्युचर' फॉन्ट मराठीला शोभतो का?

तिरकीरेघ: गल्लीतल्या कबड्डी संघाची जर्सी करतोय. पोरांना रेसिंग गेममधल्यासारखा पुढं झुकलेला, चौकोनी, गोलसर कोपऱ्यांचा फॉन्ट हवाय. इंग्रजीत ढिगानं मिळतात, मराठीत मनासारखा एक मिळेना, म्हणून कोरलमध्ये (डिझाइनचं सॉफ्टवेअर) साधा जाड फॉन्ट घेऊन २० डिग्री स्क्यू मारला, म्हणजे अक्षरं उजवीकडं कलती केली. 'निर्भय' लिहिलं तर भ वरचा रफार सरकून य च्या डोक्यावर चाललाय! माझं स्पष्ट मत, आपल्या लिपीला हे झेपत नाही. अक्षरं शिरोरेषेला टांगलेली, ती रेघ आडवीच राहते आणि खाली नुसते काने कलंडतात, म्हणजे दोरीवरचे कपडे वाऱ्यानं हलल्यासारखं, त्यात वेग कुठाय?

कोरलवाला: लिपीला कशाला शिव्या, स्क्यूला घाला. इंग्रजी ओ ला स्क्यू मारून मोठा करून बघ, वरचा उजवा आणि खालचा डावा कोपरा जाड होतो, उरलेले दोन बारीक. त्यांचे चांगले तिरके फॉन्ट स्क्यूनंतर हातानं दुरुस्त केलेले असतात. आपण फुकटात मारतो आणि मग मराठीला जमत नाही म्हणतो.

शाईपेन: मुळात फ्युचर म्हणजे तिरकं हे कुणी ठरवलं? यूरोस्टाइल हा फॉन्ट बघा, १९६२ चा, इटलीतल्या तुरिनच्या नेबिओलो या छपाईचे टाइप करणाऱ्या कंपनीसाठी आल्दो नोवारेझेनं केला, त्यातला ओ जुन्या टीव्हीच्या काचेसारखा. आज साठ वर्षांनीही स्पेसशिपवर शोभतो आणि मूळ फॉन्ट उभाच आहे. आणि रोमन अक्षरात इटॅलिक, म्हणजे तिरकी अक्षरं, १५०१ पासून छापतायत, व्हेनिसला आल्दुस नावाच्या छापखानेवाल्यानं अख्खं पुस्तक त्यात काढलं होतं. आपल्याकडं छपाईत ती सवयच नव्हती.

रंगाचाडबा: छपाईत नसेल, पत्र्यावर होती की! माझे काका पेंटर. टेम्पोवर नाव टाकायचं तर आधी खडूनं तिरक्या रेघा आखायचे, मग त्या कलात काने, पण रफार मात्र मुद्दाम थोडा मागं ओढायचे. शिरोरेषेचं शेवटचं टोक तासल्यासारखं तिरकं कापायचे, तिथंच गाडी पळाल्यासारखी वाटायची. ट्रॅव्हल्सच्या बसवर बघा, अजून तेच चाललंय.

तिरकीरेघ: मान्य, पण काकांनी एक नाव रंगवलं, मला बारा पोरांची नावं टाकायचीत. त्यात एक 'ज्ञानेश्वर' आहे. पाठीवर तिरक्यात श्व चा नुसता गोळा होतोय, बाहेरून कुणाला वाचता येणारे?

कोरलवाला: मग पाठीवर उभा ठेव. असले फॉन्ट चार अक्षरं मोठी लिहायलाच असतात, छातीवर 'निर्भय' तेवढं तिरकं कर. आणि २० कशाला, १० वर आण.

तिरकीरेघ: १० वर आणलं. पोरं म्हणतायत तिरकं दिसतच नाही 😑

रंगाचाडबा: टोक कापलंस का?